शेवटच्या पंगतीचे मानकरी

दर आठवड्याला या पानावर मी शब्दांविषयी, पुस्तकांविषयी आणि क्वचित विद्यार्थ्यांविषयी लिहितो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा दुप्पट दिली आणि विषयही मोकळा सोडला. तेव्हा वाचकहो, या वेळी मी तुम्हांला शेअरबाजाराची गोष्ट सांगणार आहे. मराठीचा प्राध्यापक शेअरबाजाराविषयी काय सांगणार, असे तुमच्या मनात येईल. ते रास्तच आहे. आमच्या घरातही पहिला प्रश्न हाच निघाला. फक्त तो इतक्या सभ्य शब्दांत नव्हता.

माझे वडील शाळामास्तर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच धाडस केले, ते म्हणजे एका कंपनीचे चारशे शेअर घेतले. कंपनी दक्षिण महाराष्ट्रातली. शेतीच्या पाण्याचे पंप आणि त्यांचे बिडाचे ओतीव भाग करणारी. तिचे नाव मी सांगत नाही. एक तर कंपनी अजून चालू आहे, आणि दुसरे म्हणजे ते शेअर अजून माझ्याजवळ आहेत. एके काळी या शेअरचा भाव ११८ रुपयांपर्यंत गेला होता. वडिलांनी तेव्हा विकला नाही; कारण "चांगल्या माणसाला आणि चांगल्या कंपनीला मधेच सोडू नये" असे त्यांचे मत होते. यंदाच्या श्रावणात तो भाव १४ रुपये होता. वडिलांचे मत मात्र माझ्याकडे वारशाने जसेच्या तसे आले.

आमच्या इमारतीत या कंपनीचे आणखी एक भागधारक आहेत; तळमजल्यावरच्या काकू. त्यांचे यजमान त्या कारखान्यात एकतीस वर्षे हिशेबनीस होते. बोनसचे पैसे आले की ते थोडे शेअर घेत. घेता घेता सहा हजार झाले. ते गेले, आणि काकू मुलाच्या घराजवळ म्हणून आमच्या इमारतीत राहायला आल्या. पुढे मुलगा बंगलोरला गेला, काकू इथेच राहिल्या.

तर अशा या आम्हां दोघांना एके दिवशी कंपनीचे निमंत्रण आले. लग्नाचे असते तर आहेरावर भागले असते. हे होते राईट्सचे. म्हणजे कंपनीला भांडवल हवे होते आणि ते तिने आपल्याच भागधारकांकडे मागितले होते. दोन शेअर असतील त्याला नवा एक, भाव १२ रुपये. मला दोनशे नवे शेअर घेण्याचा हक्क मिळाला. त्याचे पैसे २,४०० होत होते. काकूंना तीन हजारांचा. त्यांचे होत होते ३६,०००.

आमच्या इमारतीच्या खाली, गाड्या ठेवायच्या जागेत, संध्याकाळी चार खुर्च्या पडतात. पावसाळ्यात फिरायला जाता येत नाही म्हणून मंडळी तिथेच बसतात. या जागेला आम्ही 'परिषद' म्हणतो. एरवी परिषदेत पाण्याचा टँकर आणि अमेरिकेचे राजकारण एवढेच विषय असतात. काकूंनी ते निमंत्रणपत्र खाली आणले आणि परिषदेला पंधरा दिवसांचे काम मिळाले.

परिषदेचे अध्यक्ष नाना. नाना बँकेत कर्जखात्यात होते. माणसाने हसून नमस्कार केला की याला कर्ज हवे असणार, असे समजायची त्यांना तीस वर्षांची सवय. दुसरे फोरमन. त्यांचे खरे नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नसावे. तेही निवृत्त झाले ते एका ओतशाळेतून. बिडाच्या तुकड्यावर नखाने टिचकी मारून आवाजावरून त्याची जात सांगतात. तिसरा तिसऱ्या मजल्यावरचा बंडू. त्याचे वय सव्वीस, नोकरी संगणकाची, आणि शेअरबाजार खिशात. चौथा मी. काकू पाचव्या, पण त्या चिवड्याचा डबा घेऊन येत आणि ऐकत बसत, म्हणून त्यांना कोणी सभासद मानीत नसे.

"बारा रुपयांत मिळतोय, बाजारात चौदाला आहे," बंडू म्हणाला, "म्हणजे प्रत्येक शेअरमागे दोन रुपये फुकट."

"जगात फुकट फक्त सल्ला मिळतो," नाना म्हणाले. "पेन घे. दोन शेअर चौदाचे म्हणजे अठ्ठावीस. तिसरा बाराचा. एकूण चाळीस. भागिले तीन."

"तेरा रुपये तेहतीस पैसे."

"नवे शेअर आले की भाव साधारण तिथे येणार. जुन्या दोन शेअरांवर सदुसष्ट सदुसष्ट पैसे गेले, ते नव्या एकावर एक रुपया तेहतीस पैसे म्हणून परत आले. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात घातले तर माणूस श्रीमंत होतो का?"

हा हिशेब मला फार आवडला. मी वर्गात अलंकार शिकवतो, आणि 'सवलत' हा शब्द इथे किती सुंदर उत्प्रेक्षा होता हे नानांनी दोन मिनिटांत दाखवले.

"पण घेतलेच नाहीत तर?" मी विचारले.

"तर तीन वाटा. पैसे भरून शेअर घ्या. नाहीतर हा जो हक्क आहे, तो बाजारात विका. २०२० पासून हे हक्क डीमॅट खात्यात जमा होतात आणि शेअरसारखेच विकता येतात. तिसरी वाट म्हणजे काहीच न करणं. बहुतेक लोक तीच धरतात. मग हक्क वाया जातो आणि हाती काही राहत नाही. आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. इश्यू बंद व्हायच्या काही दिवस आधीच हक्कांची विक्री थांबते."

काकूंनी आपल्या डायरीत काहीतरी लिहून घेतले. लिहिताना वही नाकाजवळ नेली. ते मी पाहिले; पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून खरी जुंपली. फोरमन कंपनीच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की माल उत्तम आहे. "मी त्यांचं ओतकाम पाहिलंय. भोक नाही, भेग नाही. असा माल करणारा कारखाना बुडतो कसा ते मी बघतो." मग ते किर्लोस्करांवर आले. मराठी माणसांत उद्योगधंद्याची चर्चा निघाली आणि पहिल्या पाच मिनिटांत किर्लोस्करांचे नाव निघाले नाही, असे मी अजून पाहिलेले नाही. "लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा कोण घेत होतं? लोखंडानं जमीन नासते म्हणत होते लोक. नांगर पडून राहिले. म्हणून त्यांनी दुकान बंद केलं का? १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. तेव्हा आपण नाना असतो, तर एक रुपया लावला नसता!"

सभा जिंकल्यासारखी झाली. नाना शांतपणे चिवडा खात होते.

"फोरमन, नांगर विकला जाईना म्हणून जे दुसरे दहा कारखाने बंद पडले, त्यांची नावं सांगा."

"ती मला काय ठाऊक?"

"मलाही नाही. कारण न टिकलेल्या कारखान्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही. आपण टिकलेल्या एकाकडे बघतो आणि म्हणतो, धीर धरला की झालं. आणि माल चांगला असणं एवढ्यानं भागत नाही. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील काय वाईट होता? महाराष्ट्रात घरोघरी होता. पण वीज आली. कंदिलात काही खोट नव्हती. लोकांना कंदील नको होता."

यावर फोरमन बराच वेळ गप्प होते. नंतर एवढेच म्हणाले, "पंप तर अजून लागतात ना?" हा प्रश्न मला खरोखरच महत्त्वाचा वाटला.

बंडूचे शास्त्र निराळे. त्याच्या मोबाईलवर एक वेडीवाकडी रेघ होती. तिच्याकडे पाहून तो सांगे, की १२ रुपये ४० पैशांना याला आधार आहे. आधार का आहे, तर मागे दोनदा तिथूनच वर गेला होता. "काका, तिथे खरेदी करणारे उभे असतात." आमच्या गावी नदीवर एक साकव होता. दोन पुरांत टिकला म्हणून सगळे त्याला भक्कम म्हणत. तिसऱ्या पुरात तो गेला. मी हे बंडूला सांगितले. तो म्हणाला, "सर, हे साहित्यिक झालं." तेव्हापासून परिषदेत माझ्या प्रत्येक मुद्द्यावर हाच शेरा मिळू लागला.

मग कुणीतरी जमिनीचा मुद्दा काढला. बुडत्या कंपनीच्या भागधारकांना शेवटी जमीन आठवतेच. कारखाना हमरस्त्यावर, आता तिथवर वस्ती आलेली. कंपनीच्या पुस्तकात एका शेअरमागे ३१ रुपयांची मालमत्ता दिसत होती. १४ रुपयांत ३१ ची वस्तू! अगदी कारखाना विकला तरी दाम दुप्पट!

"विकला तर पैसे कुणाला मिळतील?" नानांनी विचारले.

"आपल्याला. आपण मालक."

"मालकच. पण मालकाची पंगत कुठली?" नाना खुर्चीत सरसावून बसले. "२०१६ सालच्या दिवाळखोरीच्या कायद्यात पंगती ठरवून दिल्या आहेत. कंपनी मोडीत निघाली की आधी त्या कामाचा खर्च. मग तारण असलेल्या सावकारांची, म्हणजे आम्हां बँकवाल्यांची, आणि त्याच पाटावर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी. मग इतर नोकरांची बारा महिन्यांची. मग बिनतारणी कर्जं देणारे. मग सरकार. मग राहिलेले देणेकरी. मग प्रेफरन्सवाले. आणि सगळ्यांची जेवणं उरकली की शेवटच्या पंगतीला साधे भागधारक. तोवर पातेल्यात काय उरतं ते लग्नघरात तुम्ही पाहिलंच असेल."

"मसालेभाताची खरपूड," मी म्हणालो.

"खरपूड उरली तर नशीब. आणि ते एकतीस रुपये, त्यांत जमीन किती ते बघा. बराचसा भाग न विकलेला माल आणि न आलेली उधारी आहे. पुस्तकात ती रुपयाला रुपया लिहितात. वसूल करायला गेलं की कळतं."

भागधारकाला एक सुख मात्र आहे, हेही नानांनीच सांगितले. कंपनी कितीही बुडाली तरी शेअरचे पैसे पुरते भरलेले असले की भागधारकाच्या घरादाराला कोणी हात लावू शकत नाही. बुडते ते लावलेले तेवढेच. आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने ही मर्यादा आली. म्हणून तर मास्तरांनी आणि हिशेबनिसांनी शेअर घेण्याचे धाडस केले. पण 'लावलेले तेवढेच' यातला 'तेवढेच' हा शब्द ज्याचा त्यालाच मोजावा लागतो. माझे २,४०० आणि काकूंचे ३६,००० या दोन्हींना कायदा एकच शब्द वापरतो.

आता माझी पाळी आली. नानांनी कंपनीचे तीन वर्षांचे अहवाल माझ्यापुढे टाकले. "तुम्ही भाषेचे ना? मग वाचा."

मी रात्री जागून ते वाचले. सुरुवातीची पाने गुळगुळीत, रंगीत. अध्यक्षांचे भाषण, शेतात उडणारे पाण्याचे फवारे, हसणारा शेतकरी. मी सवयीने विशेषणांखाली रेघा मारीत गेलो. पहिल्या वर्षी नफा होता आणि भाषण दीड पानाचे होते. दुसऱ्या वर्षी नफा नावापुरता, भाषण अडीच पानांचे. तिसऱ्या वर्षी तोटा, आणि भाषण चार पाने! पहिल्या वर्षी 'आम्ही विक्री केली' असे करणाऱ्याचा उल्लेख असलेले वाक्य होते. तिसऱ्या वर्षी 'विक्रीवर परिणाम झाला' असे कर्त्याविना चालले होते. परिणाम कोणी केला? पावसाने, बाजाराने, जगातल्या परिस्थितीने. पंचवीस वर्षे पेपर तपासल्यावर एवढे कळते, की ज्याला उत्तर येत नाही तो पुरवण्या जास्त लावतो.

पण खरे वाचन पुढे होते. रंगीत पाने संपली की बारीक टाइपाची पाने लागतात. तिथे लेखापरीक्षकांचा अहवाल असतो. त्यात एक परिच्छेद वेगळ्या मथळ्याखाली होता. ऑडिटरने लिहिले होते, की कंपनीचा धंदा यापुढे चालू राहील असे धरून हे हिशेब मांडले आहेत. मात्र तसे धरण्याविषयी महत्त्वाची अनिश्चितता आहे. नाना म्हणाले, की हा मथळा ऑडिटर सहजासहजी घालीत नाहीत. घालायची वेळ आली तर तो वेगळा घालावा असा त्यांचा नियम आहे. त्या परिच्छेदात एकही विशेषण अलंकारिक नव्हते. सबंध दीडशे पानांत मला प्रामाणिक गद्य म्हणून तेवढे एकच सापडले.

मग मी राईट्सचे पत्र काढले. त्यात 'पैसे कशाला हवेत' असे एक प्रकरण होते. एकूण उभारायचे होते ९ कोटी. त्यातला निम्मा वाटा, म्हणजे साडेचार कोटी, प्रवर्तक मंडळी घेणार. हे ऐकून फोरमन उसळून म्हणाले, "बघा! स्वतःचे साडेचार कोटी घालतायत. विश्वास असल्याशिवाय?" पण खाली बारीक अक्षरात होते, की प्रवर्तकांनी पूर्वी कंपनीला जे कर्ज दिले होते, तेच या रकमेत वळते होणार आहे. म्हणजे नवा पैसा शून्य. उरलेल्या साडेचार कोटींपैकी तीन बँकेच्या देण्यात जाणार. भट्टीपर्यंत पोचणार होते जेमतेम दीड कोटी.

मला वाटले, मी मोठी लबाडी पकडली. मी जरा चढ्या आवाजातच बोललो. आश्चर्य म्हणजे नानांनी मला आवरले.

"सर, यात लबाडी नाही. लपवलेलं नाही, लिहिलेलं आहे. आणि एका परीनं चांगलंच आहे. कर्ज होतं तोवर ते आपल्या पुढच्या पंगतीत बसले होते. आता शेअर घेतल्यावर ते आपल्याच पाटावर, शेवटच्या पंगतीत आले. व्याजाचा बोजाही उतरला. फक्त 'नवे पैसे घालतायत' असं म्हणू नका, एवढंच."

निंदा करणाऱ्या माणसाने न्याय केला की तो फार पटतो. त्या दिवशी नानांविषयी माझा आदर वाढला.

फोरमनना मात्र कागदांचा कंटाळा आला होता. एका गुरुवारी ते कुणाला न सांगता पहाटेच्या एस.टी.ने निघाले आणि थेट त्या कारखान्याच्या दाराशी गेले. आत कोण सोडणार? ते समोरच्या टपरीवर चहा पीत बसले. दुपारच्या पाळीचा भोंगा होतो का ते ऐकले. भट्टीच्या धुराड्याकडे पाहिले. चहावाल्याला विचारले, की आत किती कप जातात. रात्री अकराला परत आले ते दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊनच परिषदेत बसले.

"पूर्वी तीनशे कप जायचे. मधे एकशेवीसवर आले होते. गेल्या दोन महिन्यांत एकशेऐंशी. दुसरी पाळी पुन्हा सुरू झालीय, आठवड्यातून तीन दिवस. पगार दहा तारखेला होतो, पूर्वी सात तारखेला व्हायचा, पण होतो. मालाच्या गाड्या भरून जातात. अडचण मालाची नाही, पैशाची आहे. माल घेणारे मोठे लोक सहा सहा महिने पैसे देत नाहीत."

"लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे," नाना म्हणाले. "उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज."

"आहे ना. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्यावर व्याज लावणार कोण?"

आमच्या सबंध पंधरा दिवसांत यापेक्षा खरे वाक्य कुणी बोलले नसेल. चांगला माल करणारा माणूस, पैसे थकवणारा ग्राहक, आणि त्या दोघांमधल्या सहा महिन्यांवर व्याज घेणारी बँक. कंपनी काही चोरांनी बुडवली नव्हती. ती वाट पाहता पाहता दमली होती. ती सावरणार, की नाही? फोरमनच्या चहाच्या कपांवर विश्वास ठेवावा, की ऑडिटरच्या परिच्छेदावर? दोन्ही खरेच होते.

पण एव्हाना वादाला रंग चढला होता. फोरमन म्हणत, "भरा." नाना म्हणत, "भरू नका." बंडू म्हणे, "भरा आणि लगेच विका." आणि प्रत्येकजण हे काकूंना उद्देशून म्हणत होता, कारण आमच्यात ३६,००० चा प्रश्न फक्त त्यांचाच होता. दुसऱ्याच्या पैशावर वाद करताना माणसाची बुद्धी काय तरतरीत होते!

हक्क विकण्याच्या मुदतीला दोन दिवस उरले, त्या संध्याकाळी काकू चिवड्याचा डबा न घेता आल्या.

"सर, तुम्ही भरणार का?"

"भरीन म्हणतो," मी म्हणालो. "चोवीसशेचाच प्रश्न आहे."

"कशासाठी?"

मी उत्तर शोधू लागलो. शोधता शोधता माझ्या लक्षात आले, की वडिलांचा चेहरा सोडला तर माझ्याजवळ एकही कारण नाही. मी गप्प बसलो.

"मग मी सगळ्यांनाच एक विचारते," काकू म्हणाल्या. "समजा, आमच्या यजमानांनी हे शेअर कधी घेतलेच नसते. ते या कंपनीत नोकरीलाही नसते. आणि मी तुमच्याकडे आले असते, की माझ्याजवळ छत्तीस हजार आहेत, ते कुठे ठेवू? तर तुमच्यापैकी कोणी मला या कंपनीत घाला असं सांगितलं असतं का?"

पावसाची पागोळी तेवढी ऐकू येत होती. बंडूने मोबाईल खिशात घातला. फोरमननी तोंड उघडले आणि मिटले. अखेर तेच म्हणाले, "नाही वहिनी. तुम्हांला नसतं सांगितलं."

"मग झालं तर. ते जाताना म्हणाले होते, विकू नकोस. नाही विकत. त्यांनी दिलेलं आहे ते राहू दे. वर जाईल तर जाईल, बुडेल तर त्यांचा कारखाना होता, त्यांच्याबरोबर गेलं म्हणेन. पण माझं आणखी काही त्यात घालणार नाही."

"आणि ते छत्तीस हजार?" मी विचारले. विचारू नये ते प्रश्न प्राध्यापक हटकून विचारतो.

"ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. म्हटलं, आधी याचा निकाल लागू दे, मग बघू."

पंधरा दिवस. पंधरा दिवस आम्ही चार शहाणे त्या बाईच्या डोळ्यावर वाद घालत होतो. कोणी रेघ दाखवत होता, कोणी कायदा, कोणी किर्लोस्कर. आणि वही नाकाजवळ नेऊन लिहिणारी बाई समोर बसली होती. नानांनी आयुष्यभर कर्जदारांना विचारले होते, की हे पैसे तुम्हांला कशाला हवेत. काकूंना तो प्रश्न कोणीच विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी बंडूने काकूंचे हक्क विकून दिले. भाव मिळाला ९० पैसे. तीन हजारांचे २,७०० रुपये, दलाली वजा जाता. वहिवाटीप्रमाणे मी उशीर करीन म्हणून काकूंनी मलाही आठवण केली. मी माझे २,४०० भरले. हे मी आमच्या सौ.ला अजून सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल आणि घरात पाहुणे असतील, एवढाच मला आधार.

ऑपरेशन गणपतीच्या आधी झाले. बंडू रजा काढून बरोबर गेला. फोरमन रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब घालायला येत. थेंब मोजण्यात त्यांच्या हातचा कोणी धरणार नाही. नानांनी दवाखान्याचे बिल तीनदा तपासले आणि त्यात एक चूक काढली, तेव्हा त्यांना फार बरे वाटले.

शेअरचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आज लिहिताना तो १३ रुपयांच्या आसपास घुटमळतो आहे. बंडूचा आधार अजून तुटलेला नाही. फोरमन म्हणतात, पावसाळा संपला, आता पंपांची मागणी निघेल. नाना म्हणतात, मागणी निघेल; पैसे निघतील का? यंदाही लक्ष्मीपूजनाला मुंबईच्या बाजारात तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतील. ही प्रथा १९५७ पासूनची. त्या तासात माझे सहाशे शेअर दोन रुपयांनी वर गेले तर मी आठवडाभर द्रष्टा ठरेन, आणि दोन रुपयांनी खाली गेले तर गप्प बसेन. परिषदेचा वाद मिटलेला नाही आणि मिटू नये अशी माझी इच्छा आहे. कारण तो मिटेल त्या दिवशी कंपनी एक तर फार मोठी झालेली असेल, नाहीतर नाहीशी.

परवा काकूंकडे गेलो होतो. काळा चश्मा उतरला आहे. खिडकीशी बसून त्या काहीतरी वाचत होत्या. कंपनीचा वार्षिक अहवाल होता, यंदाचा. रंगीत पाने त्यांनी दुमडून मागे टाकली होती.

"या सर, बसा," त्या म्हणाल्या. "किती वर्षं हा यायचा आणि मी नुसती चित्रं बघून ठेवून द्यायची. आता बारीक अक्षरसुद्धा दिसतं हो मला."